मोरीतलं मॅनिफोल्ड

आमच्या मोरीत, पिंपाच्या शेजारी, परवापर्यंत एक चार तोंडांचं काळंकुट्ट धूड पडून होतं. पाट्यावरच्या वरवंट्याइतकं जड. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी विचारलं, "वहिनी, ही शेगडी कुठली हो?" मी म्हटलं, "शेगडी नव्हे, मोटारीचं मॅनिफोल्ड आहे." त्यांनी "बरं" म्हटलं नि त्याच्याभोवतीची फरशी पुसून घेतली. डिलाईल रोडच्या चाळीत राहणाऱ्या बायकांना कशाचंच नवल वाटत नाही.

मला मात्र वाटलं होतं. नवल नव्हे, खरं सांगायचं तर संतापच. एकशेसाठ-सत्तर चौरस फुटांची आमची खोली. तीत आम्ही दोघं, सासूबाई, सात वर्षांचा मुलगा, माझ्या तपासायच्या वह्यांचे गठ्ठे. त्यात मोटारीचा अवयव! आणि तोही अशा वेळी, की घरात पगार फक्त माझा, म्हणजे शाळेतल्या अर्धवेळ शिक्षिकेचा. फेब्रुवारीत ह्यांच्या कंपनीने इथलं ऑफिस आवरतं घेतलं. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ह्यांची खुर्ची होती, ती गेली. तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवला नि राम राम. पहिला महिना अर्ज करण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात हे गॅलरीत उभे राहायला लागले. नुसते उभे. आणि तिसऱ्या महिन्यात हे बिडाचं बाळ घरी आलं.

गाडी आमची नावालाच. पाच वर्षांपूर्वी ह्यांनी नि ह्यांच्या एका मित्राने निम्मे-निम्मे पैसे घालून जुनी ऑक्टाव्हिया घेतली, १.८ लिटरची, टर्बोवाली. ती लालबागला मित्राच्या ओळखीच्या गॅरेजात उभी असते, कारण आमच्या रस्त्यावर माणसालाच उभं राहायला जागा नाही. ह्या गाड्या २००१ सालापासून आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, जोडल्या जात होत्या, हे हे मला इतक्या वेळा सांगतात की जणू ह्यांनीच जोडली. विकून टाका म्हणून मी फेब्रुवारीतच सांगून पाहिलं. पण एवढ्या जुन्या गाडीचे येणार किती, नि त्यातले आपले किती!

आता तुम्ही म्हणाल, हे मॅनिफोल्ड म्हणजे काय? मी बीए, तेही इतिहास घेऊन. तेव्हा मला जसं कळलं तसंच सांगते. इंजिनात चार सिलिंडर, म्हणजे चार चुली समजा. प्रत्येक चुलीचा धूर वेगळ्या तोंडातून बाहेर पडतो. ते चार धूर गोळा करून एका तोंडाशी आणणारं जे जाड बिडाचं नळकांडं, ते एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. साध्या गाडीत तो धूर पुढे नळीने मागच्या बाजूला निघून जातो. टर्बोच्या गाडीत त्याच्याकडून आधी काम करून घेतात. त्या एका तोंडाशी एक छोटं चक्र बसवलेलं असतं. धुराच्या झोताने ते पाणचक्कीसारखं फिरतं नि त्याच दांड्यावर पलीकडे बसवलेलं दुसरं चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. वाया जाणाऱ्या धुराला असं राबवायची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनिअरने काढली नि १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्याचं कौतुक वाटावं असंच आहे!

ते चक्र असतं आपल्या वाटीएवढं, पण मिनिटाला लाखावर फेरे घेतं. आणि येणारा धूर आठशे-नऊशे अंश तापलेला. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर ह्यांच्या डोक्यात काय होतं? बिडाची वस्तू वाळूच्या साच्यात ओततात, त्यामुळे तिचं अंग आतून खरखरीत असतं. शिवाय इंजिनाचं तोंड नि मॅनिफोल्डचं तोंड तंतोतंत जुळत नाही. कुठे एखादा ओठ आत येतो, कुठे पायरी राहते. धूर तिथे अडखळतो. ते ओठ घासून काढायचे, पायऱ्या मोडायच्या, वाट गुळगुळीत करायची. ह्याला पोर्टिंग म्हणतात. म्हणजे टर्बो लवकर जागा होतो नि इंजिनाला श्वास सोडायला सोपं जातं. आपण नव्या पितळी डब्याचं झाकण बसत नसलं की कड घासून घेतो ना, तसंच.

"आणि हे घरी करायचं?" मी विचारलं.

"बाहेर दिलं तर पैसे जातील. आणि मला करायचंय," हे म्हणाले. त्या दोन महिन्यांत ह्यांच्या तोंडून "मला करायचंय" असं आलेलं हे पहिलंच वाक्य. मी गप्प बसले.

गॅरेजात ते सोडवायलाच दोन दिवस लागले. एवढ्या वर्षांची उष्णता खाऊन नटबोल्ट एकजीव झालेले. रात्रभर तेल सोडून ठेवलं तरी एक स्टड तुटलाच. मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनाला जी चार उघडी तोंडं राहतात, त्यांत कचरा जाऊ नये म्हणून फडक्यांचे बोळे कोंबतात. ह्यांनी घरी येऊन सहज सांगितलं. मी लगेच दुधाच्या हिशोबाच्या वहीत लिहून ठेवलं: "इंजिनात बोळे ४, टर्बोच्या तोंडात १." हे हसले. पण ऑपरेशनच्या वेळी नर्स कापसाचे बोळे मोजते ना? मग!

आता माझ्या माहेरची गोष्ट आडवी येते. मी कोल्हापूरची. आमच्याकडे शिरोलीला, गोकुळ शिरगावला फौंड्र्याच फौंड्र्या. मोटारींचे, पंपांचे बिडाचे भाग ओतायचे हा तिथला मोठा धंदा. माझे आप्पा सत्तावीस वर्षं एका फौंड्रीत फेटलिंगला होते. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव मालाची वाळू झटकायची, जास्तीचं बीड छिनून, घासून काढायचं. त्यांना आता जिना चढताना दोनदा थांबावं लागतं. तेव्हा तोंडाला रुमाल बांधायचे, तोही आठवण झाली तर. वाळूची नि बिडाची बारीक धूळ छातीत जाऊन बसते, ती परत येत नाही. आईने आप्पांचा शर्ट कधी आमच्या कपड्यांत धुतला नाही, वेगळ्या बादलीत धुवायची. म्हणून ह्यांनी गॅलरीत पाट टाकून तो ग्राइंडर बाहेर काढला, तेव्हा मी सरळ प्लग काढून हातात घेतला.

"इथे नाही. पोर आहे, आई आहेत, शेजारच्या काकूंचा पापड वाळतोय."

शेवटी ठरलं ते असं. काम गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, रविवारी सकाळी दहा ते बारा. त्या ग्राइंडरचा आवाज दाताच्या डॉक्टरच्या मशीनसारखा, पण दसपट. तोंडाला साधा रुमाल नाही, एन-९५चा मास्क. डोळ्यांना बंद गॉगल. कानात बोळे. हातात सुती मोजे अजिबात नाहीत, कारण फिरत्या हत्यारात धागा अडकला की हात आत ओढला जातो. कामाचे कपडे वरच काढायचे, झटकायचे नाहीत, पिशवीत घालून खाली आणायचे नि वेगळे भिजवायचे. खाली सांडलेली पूड झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. ही सगळी कलमं माझी.

काम सुरू करण्याआधी ह्यांनी आप्पांना फोन लावला, नि मला वाटतं आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली त्यात सासरा-जावई इतका वेळ पहिल्यांदाच बोलले. एरवी "काय जावईबापू, बरं हाय न्हवं?" "हो, बरं आहे" इतकंच.

आप्पा म्हणाले, "आधी तडा हाय का बगा. दोरीनं टांगा नि हातोडीनं हळू टिचकी मारा. मडक्यागत वाजलं पायजे. बद्द वाजलं तर हात लावू नका."

मॅनिफोल्ड कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगलं. टिचकी मारली. खणखणीत वाजलं. मुलगा म्हणाला, "शाळेची घंटा!" पण आप्पांचं समाधान होईना. त्यांनी फौंड्रीतली दुसरी परीक्षा सांगितली. वस्तू रॉकेलने भिजवायची, तासाभराने कोरडी पुसायची नि वर खडूची पूड चोळायची. बारीक चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल पाझरतं नि पांढऱ्या खडूवर रेघ उमटते. आता रॉकेल मिळतंय कुठे? गॅरेजातून डिझेल आणलं. खडू माझ्या पर्समध्ये असतातच, तुकडे तर नेहमीच. पोलपाटावर लाटण्याने पूड केली (पोलपाट जुना होता, सासूबाईंनी तो मग गच्चीसाठीच ठेवला). एक रेघ उमटली नि आम्हा दोघांच्या पोटात गोळा आला. फोटो पाठवला. आप्पा म्हणाले, ती साच्याच्या दोन फळ्यांची सांध, तडा नव्हे.

मग खुणा करायच्या. बहुतेक लोक नवं गॅस्केट तोंडावर ठेवून त्याच्या भोकाप्रमाणे रेघ मारतात नि तिथपर्यंत घासतात. ह्यांचाही तोच बेत होता. गॅरेजातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी सांगितलं, तसं करू नका. गॅस्केटचं भोक इंजिनाच्या भोकापेक्षा मोठं असतं. गॅस्केटप्रमाणे घासलंत तर एक पायरी मोडून दुसरी कराल. म्हणून माझ्या एका वहीच्या पुठ्ठ्यावर ह्यांनी इंजिनाच्या चारही तोंडांचे ठसे घेतले. पुठ्ठा लावून कडेने ग्रीसचं बोट फिरवायचं. तो पुठ्ठा मग मॅनिफोल्डवर ठेवून मार्कर पेनने निळं केलेल्या तोंडावर सुईने रेघ ओढली. साडीवर कशिद्याचा छाप उठवतो तशी. मॅनिफोल्डचं तोंड इंजिनाच्या तोंडापेक्षा केसभर मोठं असलं तर चालतं, कारण धूर लहान्यातून मोठ्यात जातो. पण केसभरही लहान नको, तो झोताला आडवा येतो.

दुसरी गोष्ट मला पटायला वेळ लागला. मी म्हटलं, करायचंच तर भोकं चांगली मोठी करा, धूर भसाभस जाईल. हे म्हणाले, नाही, तिथेच लोक चुकतात. वाट फार रुंद केली तर झोताचा वेग पडतो नि टर्बोचं चक्र उलट उशिरा फिरायला लागतं. नळाला बोट लावलं की पाणी लांब उडतं, बोट काढलं की पायाशी पडतं. तेव्हा घालवायचं ते फक्त आडवं येणारं. बाकीच्याला हात लावायचा नाही. आणि आत आरसाही करायचा नाही. आठवड्याभरात त्यावर काजळी धरतेच, मग कुणासाठी ती चकाकी? तोंडापासून आत बोटाच्या दोन पेरांपर्यंत उतार हळूहळू मिळवायचा, एवढंच.

पहिला रविवार पहिल्या तोंडात गेला. ग्राइंडरच्या टोकाला कार्बाइडचा एक लहानसा कणीस असतो, त्याने बीड तासायचं. बीड पोलादासारखं लांब साल सोडत नाही, भुकटी नि टोकदार कण होऊन पडतं. बाराच्या ठोक्याला हे खाली आले तेव्हा मास्कची कड सोडून सारा चेहरा काळा. आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. मी काही बोलले नाही. सासूबाईंनी न विचारता तिसरी भाकरी वाढली.

सगळ्यांत शेवटी ओठ साफ करायला ह्यांना अर्धगोल कानस लागली. सासूबाई उठल्या नि पलंगाखालून मामंजींची पत्र्याची ट्रंक ओढली.

मामंजी इथल्याच एका गिरणीत फिटर होते. मी त्यांना पाहिलं नाही, लग्नाच्या आधीच ते गेले. ट्रंकेत तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या अकरा कानशी, कॅलिपर, एक लोखंडी सरळ पट्टी, फीलर गेज. एकीलाही गंज नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा सासूबाईंच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती नि माझी नणंद पाळण्यात होती. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करत मिटल्या. आमच्या रस्त्याला कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांचं नाव आहे. रस्त्यावर आता कामगार किती, हा प्रश्न मी वर्गात विचारत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "दीड वरीस घरी होतं. रोज सकाळी उठून ह्या समद्या काढायच्या. तारेच्या ब्रशानं साफ करायच्या, खडू घासायचा, तेलाचं फडकं फिरवायचं, परत ठिवायच्या. काम काय न्हाई. मी एकदा म्हणलं, इका की, चार पैसं येतील. दोन दिस जेवलं न्हाईत." कानशीला आधी खडू चोळला की तिच्या दातांत धातू अडकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भांडण झालं ते तिसऱ्या रविवारी. तिसऱ्या नळीच्या वळणावर आत एक फुगवटा होता. ह्यांना तो काढायचा होता. आप्पांनी बजावलं होतं की बिडाची भिंत सगळीकडे सारखी जाड धरू नका. पोकळी यावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. ओतताना तो जरा जरी सरकला की एका बाजूची भिंत जाड होते, दुसरी पातळ. आत एक बोट, बाहेर अंगठा, असं चिमटीत धरून चाचपत जा. मी चाचपलं. करंजीची पारी कुठे पातळ लाटली गेलीय हे आपल्याला बोटांनीच कळतं, डोळ्यांना नाही. फुगवट्याच्या जागी भिंत पातळ लागत होती. म्हणजे फुगवटा बिडाचा नव्हता, भिंतच आत सरकलेली होती. मी म्हटलं, "हे राहू दे."

"एवढंच राहिलंय. हे राहिलं तर केलेलं सगळं फुकट."

"भोक पडलं तर?"

"तुला काय कळतंय ह्यातलं?"

मग मीही बोलले. साडेआठ हजार रुपये झालेत म्हणाले, ग्राइंडर, बर, गॅस्केट, स्टड धरून. मुलाच्या फीचा हप्ता माझ्या पगारातून गेलाय म्हणाले. नोकरी शोधायचं सोडून गच्चीवर बिडाला चोळत बसलाय, असंही म्हणाले. हे शेवटचं बोलायला नको होतं. ह्यांनी ग्राइंडरची वायर गुंडाळली, मॅनिफोल्ड खाली आणून मोरीत ठेवलं नि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तसेच. पहिल्यासारखे.

नऊ दिवस ते तिथेच होतं. मावशी त्याच्याभोवती फरशी पुसत होत्या. मी वह्या तपासत होते. एके रात्री सासूबाई मला म्हणाल्या, "तुजं बरोबर हाय. भिताड पातळ हाय तर हाय. पर शेवटचं बोललीस त्ये न्हाई." एवढंच बोलून त्या कुशीवर वळल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी ट्रंकेतलं कॅलिपर मागून घेतलं. मला धड धरता येईना, तेव्हा ह्यांनाच म्हटलं, "अहो, जरा मापून दाखवता?" मापलं. तिसऱ्या नळीची ती बाजू बाकीच्यांच्या निम्मी भरली. हे बराच वेळ कॅलिपरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आठशे अंशाला हे फाटलंच असतं." मी म्हटलं, "मी गॅलरीबद्दल बोलले ते मनातून नव्हतं." ते काही म्हणाले नाहीत, पण मॅनिफोल्ड उचलून गच्चीवर निघाले. फुगवटा तसाच ठेवला. फक्त त्याची खरखर पॉलिश पेपरच्या गुंडाळीने काढली.

सरळ पट्टी उभी धरून खालून फीलर गेजची पाती सरकवली तर पाठ जराशी वाकलेली निघाली. तापून-निवून बीड असं वाकतं. ती एका वर्कशॉपमधून फेसिंग करून आणली. वाकलेल्या पाठीवर कितीही नवं गॅस्केट घाला, धूर फटीतून फुसफुसणारच.

आणि आता माझं खातं आलं: धुणं. मघाशी आकडे लक्षात ठेवा म्हटलं ते ह्यासाठी. मॅनिफोल्डमध्ये बिडाचा एक टोकदार कण जरी राहिला, तरी तो धुरासोबत सुटून थेट लाख फेऱ्यांच्या त्या चक्रावर आदळतो. पात्यांचे तुकडे. टर्बो गेला. म्हणजे आमचे आणखी कितीतरी हजार गेले, जे नव्हतेच. तासणं म्हणजे अर्धं काम, धुणं उरलेलं अर्धं. ह्यांनी ब्रशने झाडलं, गॅरेजात हवेचा झोत मारला नि म्हणाले, झालं. मी म्हटलं, डाळ एका पाण्यात धुऊन होते का?

गरम पाणी, भांड्यांचा साबण, मुलाच्या लहानपणीचा दुधाच्या बाटलीचा ब्रश. चार पाणी काळी निघाली. पाचवं राखाडी. सातवं स्वच्छ. पण बीड म्हणजे बिडाचा तवाच. ओलं राहिलं की डोळ्यांदेखत तांबूस होतं. पंच्याने टिपलं, लगेच मंद गॅसवर फिरवून कोरडं केलं, हातभर लांबून तेलाचं फडकं फिरवलं. मग लोहचुंबक फडक्यात गुंडाळून आत फिरवला. थोडी पूड आली. परत धुतलं. परत चुंबक. काही नाही.

तरी मन मानेना. आपल्या नायलॉनच्या साड्या कशा, भिंतीला खिळा नसला तरी कुठेतरी धागा ओढून घेतातच. एक जुनी साडी होती, तिची पट्टी फाडली, दोरीला बांधली नि प्रत्येक नळीतून आरपार ओढली. पहिली नळी, सरळ आली. दुसरी, सरळ. तिसरी, सरळ. चौथीत अडकली. सोडवून परत ओढली, परत त्याच जागी. बॅटरीच्या उजेडात हे वाकून बघतात तर वळणाच्या आतल्या कडेला, तासताना उलटलेली, नखाच्या टोकाएवढी जीभ उभी होती. अर्धी सुटलेली. ब्रश तिच्यावरून गेला होता, पाणी गेलं होतं, चुंबकालाही ती आली नव्हती, कारण मुळाशी धरून होती. नायलॉनने धरली. ह्यांनी ती गोल कानशीने काढली नि माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून शिवणाच्या डब्यात सुयांच्या कागदात आहे.

परत सात पाणी, अर्थात.

बसवायच्या दिवशी मी शाळेतून थेट लालबागला गेले, दुधाच्या हिशोबाची वही घेऊन. बोळे मोजून घेतले: चार आणि एक. सुरू करण्याआधी टर्बोच्या तेलाच्या वाटेत तेल सोडतात नि इंजिन न पेटवता नुसतं फिरवून घेतात, म्हणजे चक्राचा दांडा कोरडा फिरत नाही. मग किल्ली मारली. भसकन निळा धूर. मी ओरडलेच. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, घाबरू नका, बाहेरून लागलेलं तेल जळतंय." पाच-सात मिनिटांनी धूर विरला.

जाता जाता कायद्याचंही सांगते, कारण कुणी विचारेल. नोंदणीत लिहिलेल्या वर्णनाशी गाडी जुळेनाशी होईल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मनमानी करता येत नाहीत. आम्ही गाडीचाच भाग साफसूफ करून परत बसवला. पुढच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावला नाही. पीयूसी नव्याने काढून घेतली, पास झाली.

फरक काय पडला म्हणाल, तर ह्यांच्या मते गाडी आता जरा आधी ओढायला लागते. मी खोदून विचारलं तेव्हा कबूल झाले की हवेचा दाब किती होऊ द्यायचा हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो, तेव्हा ताकद फार वाढणार नव्हतीच. टर्बो थोडा लवकर जागा होतो, इतकंच. मला तर काहीच कळलं नाही. साडेआठ हजारांत मी काय काय केलं असतं, ते मी मनातच ठेवलंय. पण पुढच्या वेळी मास्क लावायची आठवण मला करावी लागणार नाही, हेही खरं.

त्या रात्री सासूबाईंना पुढे बसवून एक फेरी मारली. पाच वर्षं बंद असलेला डिलाईल रोडचा पूल २०२३च्या नोव्हेंबरात पूर्ण उघडला, तेव्हापासून त्या गाडीतून त्यावर गेल्या नव्हत्या. पुलावर ह्यांनी गाडी जराशी दामटली. सासूबाईंनी पदर सावरला. "तुजा बाप सायकलीवरनं जायाचा हितनं," म्हणाल्या. मग काचेतून बोट दाखवून विचारलं, "त्ये फिनिक्सचं धुराडं न्हवं?" मॉलच्या दिव्यांत ते धुराडं अजून उभं आहे. ह्यांनी मान हलवली.

गुरुवारी ह्यांची एका ठिकाणी मुलाखत आहे, ठाण्याला. कानशी परत ट्रंकेत गेल्यात, खडू चोळून, तेलाच्या फडक्यात. मोरीच्या फरशीवर मात्र चार तोंडांचा तांबूस डाग उमटलाय. लिंबू-मीठ झालं, चिंच झाली, बेकिंग सोडा झाला. कुणाला ह्याहून जालीम उपाय माहीत असेल तर जरूर कळवा.